थांबा हो, मोजतेय!

...आणि वर मलाच म्हणते, "थांबा हो, मोजतेय!" आता तुम्हीच सांगा, माणसाने घरात साधा प्रश्न विचारला, की अगं, माझा चष्मा कुठाय, तर याचं उत्तर काय असू शकतं? टेबलावर. कपाटावर. तुमच्याच नाकावर! काहीही चालेल, उत्तराच्या बाबतीत मी अजिबात चिकित्सक नाही, पण उत्तर हवं ना? छे! इथे फक्त एक हात वर होतो, त्या हातात क्रोशाची सुई, डोळे लोकरीवर, आणि "थांबा हो, मोजतेय... बारा." बारा! चष्मा कुठाय, तर म्हणे बारा! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीमागे बसलोय मी. मला कुणी विचारलं गाडी कुठे लागेल, आणि मी नुसतं बारा म्हटलं, तर तो निदान बारा नंबरच्या फलाटावर तरी जाईल. मी कुठे जाऊ?

मागचे, ऐकू येतंय ना? या, सरका जरा पुढे, दाटीवाटीने उभं राहिलात तरी चालेल. एवढी कसली घाई आहे? सांगतो, सगळं सांगतो, पण आधी मला माझी बाजू मांडू द्या, कारण घरात ती कुणी ऐकून घेत नाही.

तर मी निवृत्त झालो. हार झाला, भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं... म्हणजे जन्मभर वेळ सांगणाऱ्याला घड्याळ, घ्या! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात बसलो. आता आमच्या हिला छंद तीन. वाचन, क्रोशे आणि स्वयंपाक. स्वयंपाक हाही छंद असतो हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, तो डब्यात आपोआप होतो. हिची सकाळ कशी असते, बघा. शेगडीवर मंद आचेवर कांदा. शेगडीशेजारी स्टूल. पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलेलं वाचनालयातलं पुस्तक. मांडीवर लोकर. ही बाई घड्याळ बघतच नाही, पानं बघते! कांदा गुलाबी व्हायला दोन पानं, तांबूस व्हायला चार, आणि कुकरची वाफ जिरेपर्यंत विणकामाची एक ओळ. आणि चेहऱ्यावर असं काही समाधान, की मला पहिल्या दिवशी दारातच वाटलं, अरे, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात आलो.

मग मी काय करणार? विचारपूस करायला लागलो. माझा धंदाच तो! कांदा इतका बारीक का? ही लोकर निळी आहे का हिरवी? झाकण कशाला ठेवलंस? झाकण का काढलंस? दूधवाला येऊन गेला का? येणार आहे का? आला नाही तर काय करायचं? आणि पुस्तकात खुनी कोण? ते मात्र ती सांगेना, तर ती आंघोळीला गेली तेव्हा मी शेवटचं पान वाचून टाकलं. आम्हा वेळापत्रकवाल्यांना सवयच असते हो, गाडी सुटते कधी ते नंतर, पोचते कधी ते आधी बघायचं. ही बाहेर आली आणि मी म्हटलं, "दंतवैद्य आहे खुनी." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी! मी काय वाईट केलं? माहिती दिली!

तिसऱ्या दिवसापासून हे मोजणं सुरू झालं. मी विचारलं, "भाजी कुठली आणू?" "थांबा हो, मोजतेय... अडतीस." मी विचारलं, "बाहेर आभाळ आलंय का?" "थांबा हो, मोजतेय... एकोणचाळीस." बरं, मोजताना बोलावं तर टाका चुकतो, टाका चुकला की ओळ उसवायची, आणि ओळ उसवली की खापर कुणाच्या डोक्यावर? चौतीस वर्षं गाड्या उशिरा आल्या तरी खापर माझ्याच डोक्यावर फुटलं, तेव्हा मी गप्प. तासाभराने ती स्वयंपाकघरात गेली, हातात लोकर नाही, कलथा. म्हटलं, आता मोकळी आहे. "अगं, मीठ घातलंस का?" "थांबा हो, मोजतेय... चाळीस." मला वाटलं, किती वेळा ढवळलं ते मोजत असेल, पाककलेत असतं तसं काहीतरी. दुपारी पुस्तक घेऊन पडली, मी पडद्याआडून विचारलं, "चहा कधी?" "थांबा हो... एक्केचाळीस." मला वाटलं पानं मोजतेय. असा मी भोळा!

पण मला हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं हो. कारण त्या सोमवारी आमच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "तुमच्या खिडकीवर यंत्र बसवलंय. बटण दाबलं की गोड आवाजात वेळ सांगतं. पण लोकांना भांडायचं असतं आणि यंत्र उलटून बोलत नाही, त्यामुळे कुणाचंच समाधान होत नाही. तुम्ही परत या. सकाळचा अर्धा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन करतो, हो की नाही ते सांगा." आता हा प्रश्न मला हिला विचारायचा होता. जाऊ का? एवढाच. आणि खरं सांगू? हसू नका. मला वाटत होतं, हिने म्हणावं, नका जाऊ, तुम्ही घरात असता ते बरं वाटतं मला. चौतीस वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. अर्थात तेवढ्या वर्षांत मी घरात होतो कधी, तोही प्रश्नच आहे. पण असला मोठा प्रश्न एकदम कसा विचारायचा? आधी दोन-चार किरकोळ प्रश्न विचारून रस्ता मोकळा करावा लागतो. आणि किरकोळ प्रश्न विचारला, की "थांबा हो, मोजतेय!"

मंगळवारी संध्याकाळी मात्र मी सावध झालो. मी म्हटलं, "अगं, एक विचारू का?" तर ही म्हणाली, "थांबा हो, मोजतेय... एकशे सत्तावन्न." आणि उठून वाळलेले कपडे काढायला गेली. विणकाम खुर्चीवर. मी हळूच उचललं. ओळीतले टाके मोजले. साठ! खालची ओळ मोजली. साठ! दिव्याखाली धरून, चष्मा पुसून मोजले, एकसष्टावा टाका काही सापडेना. मग एकशे सत्तावन्न आले कुठून? म्हणजे ही बाई काही मोजतच नाहीये! तोंडाला येईल तो आकडा फेकते आणि मला गप्प बसवते! तुम्हाला सांगतो, दंतवैद्य पकडला गेला तेव्हा त्या गुप्तहेरालाही इतका आनंद झाला नसेल.

पण मी लगेच बोललो नाही. म्हटलं, जशास तसं. दोन गल्ल्या सोडून माझी मेव्हणी राहते, म्हणजे हिची धाकटी बहीण. बुधवारी फिरायला जातो म्हणून निघालो तो थेट तिच्याकडे. म्हटलं, "मला क्रोशे शिकव, पण ताईला सांगायचं नाही." ती आधी पोट धरून हसली, मग चहा टाकला, मग सुई हातात दिली. "हं भावजी, ही साखळी. आता सुई आत घाला, धागा ओढा, हा झाला मुका खांब." मी म्हटलं, "काय?" "मुका खांब! बुटका असतो हा टाका, दिसून येत नाही, म्हणून." अहो, हिने घरात मला जे करून ठेवलंय त्याला नावसुद्धा आहे हे मला माहीतच नव्हतं!

आणि गंमत सांगू? कुणाला बोलू नका. आवडलं हो मला. पहिल्या दिवशी बोटं अशी काही वाकडी झाली, की घरी येऊन मला घास उचलता येईना, पण गुरुवारी... गुरुवारी एक टाका, मग दुसरा, मग त्याच्यात तिसरा, खिडकीतून ऊन येतंय, मेव्हणीच्या शेगडीवर काहीतरी रटरटतंय, आणि वर बघतो तर दोन तास गेलेले. दोन तास! मी कुणाला किती वाजले हेसुद्धा विचारलं नव्हतं. करायला घेतला होता टेबलावरचा गोल रुमाल. पण गोल वाढवताना मधे टाके वाढवायचे असतात, ते मी विसरलो, आणि रुमाल कडेने उभा राहायला लागला. मेव्हणी म्हणाली, "भावजी, टोपी छान झालीय हं!" मी म्हटलं, "टोपी नाही, रुमाल आहे." "बरं, रुमाल. डोक्यावर बसतोय छान."

मग आला शुक्रवार. चार वाजले. सहाला साहेबांचा फोन. ही खुर्चीत बसून विणतेय, शेगडीवर सूप मंद आचेवर ठेवलेलं. मी समोरची खुर्ची ओढली, खिशातून सुई काढली, हिच्याच लोकरीच्या गुंड्याचं दुसरं टोक शोधलं आणि केली सुरुवात. हिचे हात थांबले. "अहो! हे काय?" आणि मी... आहाहा, या क्षणासाठी बोटं वाकडी केली होती मी... हात वर केला आणि म्हटलं, "थांब गं, मोजतोय... सात."

मला वाटलं चिडेल. पण छे! ती गालात हसली आणि विणायला लागली. गुंडा एकच, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे; तिने ओढलं की तो तिकडे उडी मारायचा, मी ओढलं की इकडे. सुपाचा वास घरभर. मधेच तिने उठून सूप ढवळलं, चमचाभर माझ्या तोंडाशी धरलं, मी प्यालो. मीठ घातलंस का, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण टाका चुकला असता. मला फोनची आठवणसुद्धा राहिली नाही, शप्पथ!

पाच वाजले आणि ही म्हणाली, "एक तास झाला. एकही नाही."

मी म्हटलं, "एकही काय नाही?"

"एक," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हे बघ, आता मला सगळं कळलंय! ओळीत टाके साठ, आणि तू एकशे सत्तावन्न म्हणालीस! तू काही मोजत नाहीस, मला फसवतेस!" तर ही शांतपणे उठली, तिची पाककृतींची वही आणली आणि शेवटचं पान उघडून माझ्या पुढ्यात धरलं. सोमवार, एकशे त्रेचाळीस. मंगळवार, एकशे सत्तावन्न. बुधवार, नव्वद, पुढे कंसात 'दुपारी फिरायला गेले'. गुरुवार, एकोणनव्वद, 'पुन्हा फिरायला गेले, बरं वाटलं'. म्हणाली, "मी टाके मोजतेय असं तुम्हाला कधी म्हटलं? टाके माझ्या बोटांना पाठ आहेत. मी तुमचे प्रश्न मोजत होते."

तुम्हाला सांगतो, तोंडात मारल्यासारखं झालं! एकशे सत्तावन्न! अहो, खिडकीवर बसायचो तेव्हा मीच लोकांच्या नावाने खडे फोडायचो, की किती विचारतात, किती विचारतात... आणि घरी येऊन मी एकटा अख्खं बसस्थानक झालो होतो! मला खरंच वाईट वाटलं. मी वही मिटली आणि म्हटलं, "साहेबांचा फोन येणार आहे. परत बोलावतायत, सकाळचा अर्धा दिवस. जाऊ का?"

"दोन," ती म्हणाली. मग सुई खाली ठेवली. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्या प्रश्नासाठी सुई खाली ठेवली हो तिने! म्हणाली, "सकाळी जा. सकाळ माझी आहे. चौतीस वर्षांपासून आहे. कांदा, पुस्तक आणि मी, आम्हा तिघांत चौथा मावत नाही. पण दुपारी जेवायला घरी या. थेट या. आत्ताचा हा तास गेला ना, तसा तास मला रोज हवाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुम्ही समोर बसलेले बरं वाटलं मला."

झालं! जे ऐकायला आठवडाभर तडफडत होतो ते ऐकलं, पण कशासोबत? तर 'सकाळी जा'सोबत! आता मी खूश होऊ की रागावू? मी तिलाच विचारलं, "म्हणजे मी तुला हवाय की नकोय?" "तीन," ती म्हणाली, आणि सहाचा फोन तिनेच उचलला. "हो साहेब, सोमवारपासून येतील. अहो, आजच पाठवलं असतं, पण सूप झालंय."

तर हे असं आहे. दुपारी दोन सुया, एक गुंडा, दहा प्रश्नांची मुभा, अकराव्याला सूप बंद. आणि सकाळी... सकाळी मी हा इथे. हो, याच खिडकीत, तुमच्यासमोर! ही घंटी दिसतेय ना, तिच्यावर तो माझा रुमाल बसवलाय, अगदी मापात बसलाय, आता कितीही बडवा, आवाज येत नाही. खणात पुस्तक आहे, हिनेच दिलंय, शेवटच्या पानांना लोकरीची गाठ मारून. मांडीवर विणकाम आहे. सकाळ अगदी मजेत जाते हो, फक्त हे तुमचं मधेमधे विचारणं तेवढं... काय म्हणालात ताई? तुमची गाडी कुठे लागेल?

थांबा हो, मोजतोय... दोनशे एकवीस.

अहो... अहो ताई, बॅग घेऊन कुठे निघालात? दोनशे एकवीस नंबरचा फलाट नाहीये आपल्याकडे!