ते सगळं ठीक आहे, पण विमान कुठंय?

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? छापील कागदावर? टाय लावलेल्या पोरावर? की 'मी आहे ना, भावजी' म्हणणाऱ्या मेहुण्यावर? मी तिघांवरही ठेवला, तुम्हाला सांगतो, आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटलो! मी! पस्तीस वर्षं दोर विकतोय. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण दोराचं टोक चिमटीत धरलं की सांगतो, आत किती धागे आहेत आणि त्यातले किती नुसते पाहुणे म्हणून आलेत... आणि अशा माणसाला विमानवाल्यांनी गुंडाळावं? तेही विमान न दाखवता?

झालं असं, की आमच्या मुलीनं जेवता जेवता सांगितलं, "बाबा, मला पायलट व्हायचंय." मी म्हटलं, हो. तिची आई म्हणाली, "हो काय? एवढ्यात हो?" मी म्हटलं, अगं, पोरगी गेली दोन वर्षं गणिताची आणि विज्ञानाची पुस्तकं उशाशी घेऊन झोपतेय, ती काय दोर विकायला? दोनशे तास उड्डाण करायचं, परीक्षा द्यायच्या, की झाला परवाना. सोपं आहे! माझ्या आयुष्यात मी 'सोपं आहे' असं तीनदा म्हणालोय. एकदा लग्न ठरताना, एकदा दुकानाला वरचा माळा काढताना आणि तिसऱ्यांदा हे.

आता दोनशे तास म्हणजे पोरीचं सगळं भवितव्य, आणि माझी वरच्या माळ्यासकट सगळी पुंजी. चुकीची शाळा निवडली तर पैसा जाईल तो जाईल, पण पोरीची दोन-तीन वर्षं गेली तर ती कुठल्या घाऊक बाजारातून आणू? म्हणून मी ठरवलं, आपण शाळा बघायची ती धंद्याच्या रीतीनं. आमची रीत काय? माल डोळ्यांनी बघायचा, हातानं चाचपायचा, आणि पसंत पडलेल्या गठ्ठ्यावर निळ्या खडूनं खूण करायची. का? कारण घाऊकवाला दाखवतो एक गठ्ठा आणि पाठवतो दुसरा! खूण असली की त्याची बोलती बंद. निळा खडू माझ्या खिशात कायम असतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा खिसा निळा आहे.

तर पहिली शाळा. मेहुण्यानं शोधलेली. एका इमारतीचा चौथा मजला, काचेचं दार, आत इतका गारवा की मला वाटलं इथे भाजी ठेवतात. टायवाला पोरगा आला. "वेलकम सर! आपण अगदी योग्य ठिकाणी आलात!" अरे, मी अजून बसलोही नाही, तुला काय माहीत योग्य की अयोग्य? कॉफी आली. गुळगुळीत पुस्तिका आली, तिच्यात ढगच ढग. मुलीच्या डोक्यावर सोनेरी पट्टीची टोपी ठेवून फोटो काढला. मेहुण्यानंही टोपी घालून फोटो काढून घेतला, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. "सर, बारा महिन्यांत हमखास! हॉस्टेल, युनिफॉर्म, नोकरीला मदत, सगळं पॅकेजमध्ये!"

मी म्हटलं, ते सगळं ठीक आहे, पण विमान कुठंय?

"सर, फ्लीट बेसवर आहे."

बेस कुठंय?

"सर, तीन तासांवर."

मग तुम्ही इथे काय करताय?

मेहुणा माझ्या कानात, "भावजी, असं विचारतात का? शिकलेली माणसं आहेत!" अहो, शिकलेली आहेत म्हणूनच विचारतो! अडाणी माणूस खोटं बोलताना निदान घाम तरी पुसतो.

गेलो तीन तासांवर. पोरगी गाडीत सगळा वेळ खिडकीतून वर बघत होती. मैदान मोठं होतं, नाही म्हणत नाही. पुस्तिकेत विमानं आठ. मोजली, पाच भरली. पाचांतल्या दोघांना इंजिनच नव्हतं, नाकाच्या जागी नुसतं भोक, आणि एकाला पंखा नव्हता. एकाच्या भोकात तर पाखरानं घरटं केलेलं! म्हणजे त्या विमानातून निदान कुणीतरी रोज उडत होतं! उरली दोन. दोन्हींची चाकं चाचपली, दारं हलवली, आणि कुणाचं लक्ष नाही बघून टायरच्या आतल्या अंगाला निळ्या खडूनं फुली मारली. सवय! आणि शिकणारी पोरं किती? व्हरांड्यात बसलेल्यांना विचारलं. नव्वद! नव्वद पोरं, दोन विमानं. मी म्हटलं, चला, पुढचं दुकान.

दुसरी शाळा. वेगळं गाव, वेगळा मालक, वेगळी पुस्तिका. ढग मात्र तेच. टायवालाही दुसरा, पण बोलणं असं की दोघांकडून एकाच आईनं पाठ करून घेतलेलं. "सर, ती पहिली शाळा? अरेरे! त्यांच्याकडे विमानंच नाहीत हो!" मला बरं वाटलं, कुणीतरी खरं बोललं. म्हटलं, ते सगळं ठीक आहे, पण तुमचं विमान कुठंय?

"या सर, या!" म्हणत त्यानं थेट मैदानावरच नेलं. दोन विमानं, स्वच्छ पुसलेली, उन्हात चमकतायत. मेहुणा म्हणाला, "बघा भावजी! माल म्हणजे असा!" मी वाकलो. चाक चाचपलं. आणि तुम्हाला सांगतो, तसाच वाकलेला राहिलो... टायरच्या आतल्या अंगाला निळी फुली! दुसऱ्याखाली गेलो. निळी फुली! अहो, नवरी एक आणि मांडव दोन!

मी म्हटलं, ही माझी खूण आहे. टायवाल्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "सर, ते आमचं सहकार्य आहे." सहकार्य! इकडची सत्तर पोरं, तिकडची नव्वद, आणि विमानं तीच दोन. मी तोंडी हिशेब करणारा माणूस. म्हटलं, अरे, या वेगानं माझ्या मुलीचे दोनशे तास होईपर्यंत तिला पेन्शन लागेल! तर तो मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणतो, "सर, तासांची काळजी नको. तास भरून द्यायची जबाबदारी आमची."

"म्हणजे उडवून?"

"म्हणजे... भरून."

कळलं ना तुम्हाला? वहीत! पाऊण तास उडायचं आणि दोन तास लिहायचे! मी पोरीकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला, जसा लहानपणी बाहुलीच्या पोटातला भुसा बघून झाला होता. मेहुणा म्हणाला, "भावजी, व्यवहारी तोडगा आहे." त्याला मी येताना मागच्या सीटवर बसवला.

तिसरी शाळा पोरीनंच शोधली. पुस्तिका नाही, काच नाही, टाय नाही. पत्र्याची मोठी शेड, आणि इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेल्या एक बाई. मी मुख्य प्रशिक्षकांना भेटायचंय म्हटलं, तर म्हणाल्या, "भेटलात. तो पाना द्या." दिला. कॉफी नाही, पाणी नाही, बसा नाही. मी सवयीनं तोंड उघडलं, "ते सगळं ठीक आहे, पण विमान..." आणि थांबलो, कारण ठीक असं तिथे काहीच नव्हतं आणि विमानं मात्र चार समोर उभी!

"तीन चालतात," बाई म्हणाल्या. "हे बंद आहे. भाग यायचाय. कधी येईल माहीत नाही."

पस्तीस वर्षांत स्वतःचा माल बंद आहे असं स्वतःहून सांगणारा विक्रेता मी पहिल्यांदा पाहिला! विचारलं, किती महिन्यांत होईल? "माहीत नाही." बारा? "कदाचित वीस. हवा, विमान आणि तुमची मुलगी, तिन्ही जमली त्या दिवशी उडेल." होईल ना पायलट? "मला काय माहीत? मी तिला आज बघतेय." मेहुणा पुटपुटला, "या बाईंना काहीच माहीत नाही." पण पोरगी? पोरगी केव्हाच पंखाखाली जाऊन बसली होती.

मग त्यांनी दोन वह्या दाखवल्या. एक विमानाची, एक विद्यार्थ्याची. विमानात एक मीटर असतो, इंजिन चाललं तेवढंच मोजतो. दोन्ही वह्यांतला आकडा जुळलाच पाहिजे. मी पानन् पान ताडून बघितलं, आणि सगळं जुळलं. मन भरून आलं, आणि मन भरून आलं की मी घासाघीस करतो. म्हटलं, बाई, दोनशे तास घेतोय, वर पाच तास द्या. आमच्यात शंभर मीटरवर दोन मीटर वर देतात.

बाई काही बोलायच्या आत पंखाखालून आवाज आला, "बाबांच्या दुकानात शंभर मीटरवर चार मीटर कमी देतात."

आता हे कुणी विचारलं होतं? सांगतो, लपवत नाही. आमच्या गल्ल्यावर पितळेची पट्टी आहे, एक मीटरची. दोर मोजताना पट्टीच्या टोकावर अंगठा धरायचा आणि अंगठ्याच्या आतून मोजायचं. मीटरमागे दोन बोटं वाचतात. आमच्या धंद्यात याला चोरी म्हणत नाहीत हो! याला 'हात' म्हणतात. माझ्या वडिलांचा होता, माझा आहे. अमक्याचा हात चांगला आहे, असं कौतुकानं म्हणतात!

बाईंनी पाना खाली ठेवला. "काय हो दोरवाले, दोर नेतं कोण?"

म्हटलं, कुणीही. रंगारी नेतात, झुला बांधून इमारती रंगवायला.

"आणि एखाद्याचा दोर जमिनीच्या दोन मीटर वरच संपला तर?"

म्हटलं, रंगारी उडी मारतात.

"आमच्यात उडी मारता येत नाही," बाई म्हणाल्या. "इथे वहीत अंगठा धरलात, तर तेवढी धावपट्टी कमी पडते."

वरचे पाच तास गेले ते गेलेच. पोरीचं नाव तिथेच घातलं.

तुम्हाला वाटलं असेल, संपली कटकट? कटकट तर तिथे सुरू झाली! रोज फोन. "काय गं, उडालीस?" "नाही बाबा, वारा आहे." दुसऱ्या दिवशी, "नाही बाबा, धुकं आहे." तिसऱ्या दिवशी, वारा नाही, धुकं नाही, आकाश धुतल्यासारखं! मी ओरडलो, "अगं, मग विमान कुठंय?" "खोललंय, बाबा." सात महिन्यांत तेवीस तास! आणि इकडे मेहुणा रोज मीठ चोळायला हजर. त्याच्या मित्राच्या मुलानं दुसऱ्या शाळेत नाव घातलेलं, "भावजी, त्याचे एकशे चाळीस झाले!" आमची ही माझ्याकडे बघून म्हणते, "अहो, तुमच्या त्या निळ्या खडूनं काय मिळालं?" मी मेहुण्याला विचारलं, तुझ्या मित्राचा मुलगा एकट्यानं उडाला का? तर म्हणतो, "नाही... ते पुढच्या पॅकेजमध्ये आहे." एकशे चाळीस तास, आणि अजून एकट्यानं जमीन सोडलेली नाही!

तरी खोटं कशाला बोलू, माझाही धीर सुटला. बाईंना फोन केला, म्हटलं, थोडं पुढंमागं करून, तुमच्या वहीत जरा... बाईंनी फोन ठेवला. निरोप म्हणून नाही, उत्तर म्हणून.

आणि मग एक दिवस पोरीचा फोन, "बाबा, उद्या सकाळी या." गेलो. आम्ही दोघे नवराबायको शेडपाशी उभे. पोरगी विमानात बसली, शेजारी बाई. एक चक्कर मारली, खाली आली... आणि बाई दार उघडून उतरल्या! चालत माझ्याकडे आल्या! मी म्हटलं, अहो, तुम्ही इकडे कशा? मग तिच्याजवळ कोण आहे? "कुणी नाही." आणि ते विमान निघालं की हो! छोटं होत होत गेलं, झाडांमागे वळलं आणि दिसेना. आमच्या हिनं माझा दंड असा धरला की अजून वळ आहे. "बाई... विमान कुठंय?"

बाईंनी बोट वर केलं. "ते काय."

वर्षभर शंभर जणांना विचारलेला प्रश्न, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा कुणी सरळ उत्तर दिलं... आणि मला दिसेना! डोळ्यांत पाणी. पोरगी उतरली ती अशी अलगद, जसं कुणी झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं.

लगेच वही काढली तिनं. मीटर बघितला, लिहिलं, शून्य पूर्णांक दोन तास. म्हणजे बारा मिनिटं! मी म्हटलं, "अगं, पहाटेपासून त्या विमानाभोवती फिरतेयस! आईचा जीव अर्धा झाला, माझा पाऊण झाला! अर्धा तास तरी लिही!"

ती हसली. म्हणाली, "बाबा, अंगठा काढा."

काढला. घरी येऊन दुसऱ्या दिवसापासून काढला. मीटर म्हणजे मीटर. आणि काय झालं सांगू? गिऱ्हाईक बिथरलं! नेहमीचा रंगारी पन्नास मीटर घेऊन गेला, संध्याकाळी दोर घेऊन परत. "शेठ, यात काहीतरी खोट आहे. हा पन्नासला पन्नास भरला!" म्हणजे तो इतकी वर्षं माझा अंगठा धरूनच मागणी करत होता! दुसरा म्हणतो, "शेठ, पूर्ण भरतोय म्हणजे माल कच्चा असणार." तिसऱ्यानं तर नव्या पोराला कामावर ठेवलंय का, त्याला मोजता येत नाही वाटतं, असं मलाच विचारलं.

तर आता विनंती एवढीच. उद्या कधी तुम्ही विमानात बसाल, पुढे आमची मुलगी असेल, तिच्या वहीतलं मिनिटन् मिनिट खरं आहे, तेव्हा खुशाल डोळे मिटून झोपा. पण माझ्याकडून दोर नेलात आणि घरी जाऊन मोजलात, तर तुम्हीही हिशेब खरा ठेवा. पस्तीस वर्षांची सवय आहे हो... अंगठा काढल्यापासून हात कधी कधी दोन बोटं पलीकडेच जातो. जास्त भरला, तर तेवढा परत आणून द्या.