भगदाडाची खिडकी

कोर्टाच्या दारातला म्हातारा शिपाई डोळे मिटून बसला, की समजावं, कान उघडे आहेत. समोरच्या बाकावर एक आजी होत्या आणि शेजारी त्यांचीच भिंत फोडून घरात शिरलेला चोर.

“आजी, तुरुंगाऐवजी भगदाड बुजवून द्यायचं ठरलं होतं. आज मुदत संपली. बुजवलं नाही म्हटलं, की मी आत!”

“बुजवायचं कशाला? चांगली खिडकी बसवलीस की.”

“तुम्ही बसवायला लावलीत!”

“मग? चाळीस वर्षं त्या खोलीत भर दुपारी दिवा लावला मी. ‘एक खिडकी पाडा’ म्हणून ह्यांच्या मागे लागून जीभ झिजली माझी. तू तासाभरात पाडलीस.”

“हे साहेबांसमोर बोलू नका हो!”

“हेच बोलणार. आणि बिजागरी करकरते, तेही सांगणार.”

शिपायाने पुकारा केला. दोघं आत गेली आणि थोड्या वेळाने हसतच बाहेर आली.

“सुटलास रे मेल्या.”

“तुमच्यामुळे, आजी.”

“स्वयंपाकघरातही अंधारच आहे बरं का.”

“म्हणजे तिथेही चोरी करू?”

“ये की. पण या खेपेला दारातून ये.”