मनीषाबाईनं सागवानात राखलेलं रान

माईक जरा खाली करा जी. हां, बस्स एवढा.

जमलेल्या साऱ्या माणसायले जोहार. जय भीम. मनीषाबाईचे घरचे लोक ब्रह्मपुरीहून पहिल्या बसनं आले, त्यायले माहा हात जोडून नमस्कार. बाई, तुमी तिच्या आई, समोर बसल्या आहात. तुमच्याकडे पाहून बोलणं माह्याच्यानं होणार नाई. म्हणून मी मागच्या लोकायकडे पाहून बोलते. राग मानू नोका.

मी यशोदा कोवे. याच गावची. रोपवनात मजुरीले जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. सकाळी सरपंच भाऊ म्हणे, यशोदाबाई, तुमी दोन शब्द बोला. मी म्हणलं, नोको. माह्याच्यानं शांत बोलणं होत नाई, आन् शोकसभेत कोणी भांडत नाई. मी गुपचूप बसणार होती.

पण आत्ता फॉरेस्टचे साहेब बोलले. साहेब म्हणाले, "वनरक्षक मनीषा खोब्रागडे यांचं कर्तव्यावर असताना आजारपणानं दुःखद निधन झालं."

आजारपणानं.

बस? एवढंच? बत्तीस वर्षं पण न झालेली पोरगी, डोंगर चढताना आमाले मागं टाके, ती आजारपणानं मेली? साहेब, तुमी पाणी प्या, बसा. आता मी सांगते ती कशानं मेली.

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगते. आमच्या गावामागं टेकडी आहे. तिथी जंगल होतं. मोह, चारोळीची चार, बिजा, येन, तेंदू, सारं होतं. माही सासू त्या टेकडीवरच्या मोहाले नावानं हाक मारे. ते जंगल तोडलं. सपाट केलं. सागाची रोपं लावली, रांगेत, दोरी धरून. आमीच लावली, मजुरीनं. कोणी विचारलं नाई, तुमी खाणार काय? सागाचं पान मोठं आहे, पण पानाखाली वेचाले काई पडत नाई. मोहफुलासाठी आमच्या बाया दुसऱ्या गावच्या हद्दीत जाऊन शिव्या खाऊन येत. अशी कितीतरी वर्षं गेली.

मंग मनीषाबाई आमच्या बीटवर, या टेकडीच्या राखणीवर, आली. दुचाकीवर, तोंडाले रुमाल बांधून. आमी म्हणलं, ही पोट्टी काय टिकते इथी?

पहिल्याच साफसफाईले ती आमच्यासंगं आली. साफसफाई म्हणजे काय, तर साग सोडून बाकी जे काई उगवलं ते कापायचं. दरसाल कापत होतो. मी विळा उचलला आन् ती ओरडली, "थांबा जी, ते नका कापू!"

मी म्हणलं, "काऊन? साग सोडून सारं कापाले सांगतलं ना?"

"अहो, हा बिजा आहे. पान बघा."

आमी साऱ्या बाया हसलो. मी म्हणलं, "बाई, बिजा आमाले दिसते. तुमाले दिसते का, हे आमी पाहून राह्यलो."

ती पण हसली. मंग खालीच बसली मातीत, वर्दीवर. म्हणे, "हे कोणी लावलं नाही. जुन्या खुंटातून फुटलं, पाखरानं बी टाकलं, अस्वलानं टाकलं. सागाच्या सावलीत आपणहून वर येऊन राह्यलं. आन् आपण दरसाल त्याची मान कापतो. एकदा सोडून तर बघू."

"आन् कोणी विचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

हे तिनं कोणाच्या भरवशावर म्हणलं? कोणाच्याच नाई. स्वतःच्या.

मंग आमी काय केलं, ऐका. वेल कापले. रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं मुळासकट उपटली, ती कोणाच्या कामाची नाई. आन् चार, मोह, बिजा, आवळा, जे दिसलं त्याले जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, का चुकून कोणाचा विळा लागू नये. घराघरातून लुगडी निघाली. लाल, हिरवी, पिवळी. रोपवनातून चाललं तर वाटे, लग्नाचा मांडव आहे.

आन् झाडं वाढली! पाऊस पडला का वितभर वर. पुढच्या साली कमरेएवढी. मंग माणसाएवढी. साग तर जोरात होताच, एक साग मेला नाई, एकाची वाढ थांबली नाई. मधल्या जागेत हे सारं रान उभं राह्यलं. हरियाल पाखरं परत आली. जुन्या खुंटातून फुटलेल्या चारीले फळ लागलं, तवा मनीषाबाई टोपीत भरून शाळेत घेऊन आली. तिच्या डोळ्याले पाणी होतं. पोट्टे चार खात होते आन् ही उभी राहून पाहत होती.

मंग वरून पाहणी येणार होती. पाहणीआधी साहेब आले. हेच साहेब. इथी बसले आहेत, यायले विचारा मी खोटं बोलते का. मी तिथीच होती, दहा हातावर.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे काय करून ठेवलं? हे रोपवन आहे की जंगल?"

ती म्हणे, "सर, जंगलच होतं. परत होऊन राहिलं."

"पाहणीला साग दिसला पाहिजे."

"साग आहे ना, सर. सगळा जिवंत आहे. चालून बघा."

"मला शिकवू नका. आठ दिवसांत साफ करून घ्या."

आन् ती म्हणे, आवाज पण चढवला नाई तिनं, "माझ्या हातानं नाही होणार, सर."

आता मी तुमाले विचारते, साहेबाले झाडं समजत नव्हती का? समजत होती! त्याच दिवशी मी साहेबासमोर चारीचं ताट धरलं. साहेबानं मूठभर उचलली, खाल्ली आन् मले विचारलं, "यंदा चार चांगली आली का?" ज्या झाडाची चार तोंडात होती, तेच झाड कापाचा हुकूम देऊन साहेब गाडीत बसले. अडाणी माणूस चुकला तर मी समजून घेतलं असतं. हे अडाणी नाईत. पाहणीच्या फोटोत रांगा सरळ दिसाव्या, एवढ्यासाठी हे झालं.

साहेब, उठू नोका. तुमाले कोणी हात लावत नाई. ऐकून जा.

मंग तिची बदली झाली. कुठी? नदीपलीकडे, जिथी पावसाळाभर नाला आडवा राहते. क्वार्टरचं छत गळे. मोबाइलले रेंज नाई, फोन करायचा तर टेकडीवर चढाव लागे. कागदावर लिवलं, प्रशासकीय कारण. चिंध्या आमी बांधल्या, पण नाव तिनं आपलं सांगतलं होतं.

ती गेली आन् ठेकेदाराची माणसं आली. बाहेरगावची टोळी, ट्रॅक्टरमधून. कुऱ्हाडी, कोयते. आमच्या गावातले किती जण तवा घरात बसले, मले माहीत आहे. नावं घेत नाई, सभेत तेही बसले आहेत. आमी बाया गेलो, त्यायनं आमाले ढकललं. मी मनीषाबाईले फोन लावला. लागला, नशीब. ती फक्त म्हणे, "थांबवता येते तेवढं थांबवा, मी येते."

दोन बस बदलून, जीपच्या मागं लटकून ती आली. तोवर टेकडीवरल्या नाल्याच्या अलीकडचा सारा उतार कापून झालता. चिंध्यांसकट. जमिनीवर लाल-हिरव्या चिंध्या आन् पांढरे खुंट. ती पलीकडे चालत गेली, टोळीसमोर जाऊन उभी राह्यली.

मुकादम म्हणे, "बाई, हे तुमचं बीट नाही आता."

"माहीत आहे. म्हणून तर सुटी काढून आले."

"आमाले काम करू द्या."

ती टोळीतल्या माणसायकडे वळली. म्हणे, "करा. मी हात धरत नाही. फक्त कापायच्या आधी पान बघा, अन् कशाचं झाड आहे ते मोठ्यानं सांगा. मग कापा."

समोरचा माणूस म्हातारा होता, आमच्याच समाजाचा. त्यानं पान पाह्यलं. तोंड उघडलं, आन् बंद केलं. मोह होता, जी. आमच्यात जन्मापासून मरणापर्यंत कोणतं काम मोहाबिगर होते? तो मोठ्यानं नाव कसं घेणार आन् वरून कुऱ्हाड कशी घालणार? त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, बाजूले बसला, बिडी काढली. मंग दुसरा बसला. मुकादम शिव्या देत राह्यला. त्या दिवशी काम नाल्याशी थांबलं. नाल्यापलीकडचं रान आज उभं आहे ते असं उभं आहे.

त्याचं बक्षीस काय भेटलं तिले? नोटीस. सरकारी कामात अडथळा. सरकारचीच वर्दी घालणाऱ्या पोरीवर!

आन् मंग पावसाळा लागला. तिचा फोन आला, टेकडीवरून. आवाज कापत होता. पहिल्यांदा विचारलं काय? "अलीकडच्या खुंटाले फूट आली का?" मी म्हणलं, "आली जी, हातभर आली. पण तुमाले काय झालं?"

"ताप आहे. येतो-जातो."

"मंग दवाखान्यात जा ना, बाई!"

"सुटी मागितली. चौकशी चालू आहे, मुख्यालय सोडू नका म्हणाले. चौकशी झाली की जाते."

मी तिच्यावर ओरडली. म्हणलं, मरू दे चौकशी. ती हसली आन् रेंज गेली.

पुढचं मले संतोष भाऊनं सांगतलं. हा मागं उभा आहे तो, नदीपलीकडे तिच्यासंगं असलेला नाक्यावरचा गार्ड. मलेरियाचा ताप डोक्यात गेला. ती मंग माणसं ओळखेना. तिकडच्या नाल्याले पूर. यायनं खाटेवर टाकून, खांद्यावर घेऊन, छातीएवढ्या पाण्यातून तिले पार केलं. पलीकडे जीप भेटली. दवाखान्याचं फाटक दिसत होतं, तवा तिचा श्वास थांबला. संतोष भाऊ, तुमी रडू नोका. तुमच्यानं झालं तेवढं तुमी केलं.

मलेरियानं मेली म्हणता? मलेरिया आमाले दरसाल होते. गोळ्या घेतो, उठतो. गोळी देणाऱ्या डॉक्टरपाशी जाऊ दिलं नाई, म्हणून मेली. ज्यानं जाऊ दिलं नाई, त्याले पण नाव आहे. आज मी घेत नाई, कारण ही तिची सभा आहे. पण ज्या दिवशी चौकशी होईल, आन् ती आमी करवून घेऊ, त्या दिवशी मी मोठ्यानं घेईन.

आन् हे टेबलावर काय ठेवलं आहे? प्लास्टिकच्या पिशवीत रोप. "स्मृतिवृक्ष." मी आल्या आल्या पान पाह्यलं. साग आहे. साहेब, तुमी तिच्या आठवणीसाठी साग आणला? नर्सरीत दुसरं काई नव्हतं, का तुमाले ती कोण होती हेच माहीत नव्हतं? मले सागाचा राग नाई. त्यानं कोणाचं काय बिघडवलं? बिचारा आपल्या जागी वाढते, शेजारी मोह आला तर त्याले पण वाढू देते. राग तुमचा आहे. हे रोप घेऊन जा. इथी नाई लागणार.

आता शेवटचं. आज सकाळी मनीषाबाईची आई म्हणे, मले ते झाडं दाखवा. मी आन् दोन बाया त्यायले हात धरून नाल्यापलीकडे घेऊन गेलो. त्यायनं मंग एका चारीच्या झाडाले हात लावला आन् मले विचारलं, "हे? एवढ्याशा झाडापायी माही पोरगी गेली?"

मले तवा बोलता आलं नाई. आता सांगते. बाई, मी तुमच्याकडे पाहून सांगते.

झाडापायी नाई गेली. झाडं तिले काई मागत नव्हती, ती तर आपल्या मनानं वाढत होती. माणसानं नेली तिले. एका माणसाच्या हट्टानं, आन् आमच्यातल्या घरात बसलेल्यायच्या भीतीनं. तुमी त्या झाडावर रुसू नोका. पण आमच्यावर रुसा. तुमचा हक्क आहे.

दिवाळीनंतर पुन्हा साफसफाई निघणार आहे, मले कळलं आहे. अलीकडच्या उतारावर जे फुटलं ते आन् पलीकडचं उभं, दोन्ही. ज्यायले कुऱ्हाड घेऊन जायचं त्यायनं जावं. आमी बाया तिथी उभ्या राहू, पहाटपासून. आन् यावेळी जो माणूस घरात बसेल, त्यानं तिच्या फोटोले हार घालू नये. आत्ताच उतरवून घ्यावा.

बस. माहं झालं.

आता सारे उभे राहू. घड्याळ पाहू नोका. तिची आई खाली बसेपर्यंत कोणी बसाचं नाई, कोणी बोलाचं नाई. साहेब, तुमी पण उभे राहा, टोपी काढून.

मनीषाबाई, जोहार.