दाराजवळची एस्तरबाई

मंडळी, आरंभालाच एक सवाल. प्रभू भाकरीच्या रूपानं आपल्या जिभेवर येतो, आपल्या आत जातो. मग दर रविवारी कम्युनियन घेणारा माणूस वीस वर्षांनीही जसाच्या तसा खडूस कसा? औषधात खोट, का रोग्यात? — हसू नका तबलजी, तुम्हालाही विचारतोय!

ऐका तर. वडझिरी नावाचं गाव, गावात छोटंसं चर्च, आणि चर्चमध्ये दाराला टेकून बसणारी एस्तरबाई. दाराजवळ का? तर चपलांसाठी! आपण चपला बाहेर काढतो, आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटली की त्या ढिगात कुणाचा पाय कुणाच्या चपलेत, देवालाच ठाऊक. गेल्या वर्षी एस्तरबाईची कोरी चप्पल तिथून गेली. तिनं भर आवारात थोरल्या जावेकडं, शेवंताबाईकडं बोट केलं — "हिनंच नेली." झालं! शेवंताबाईनं तिचा उंबरा सोडला. तेव्हापासून एस्तरबाईचा नेम ठरलेला. कम्युनियन घ्यायचं, आणि तोंडातलं गिळायच्या आत बाहेर, चपलांच्या पहाऱ्यावर.

अहो, पाहुणा घरात आला, बाजेवर टेकला, आणि घरधनीण शेळ्या हाकायला निघाली — शोभतं का हे?

पुढं आली पंचाईत. एस्तरबाईच्या लेकाचं लग्न ठरलं, गुरुवारी हळद. पोराला कडेवर वाढवलं ते शेवंताबाईनं. पोरगा अडून बसला, "आई, पहिली हळद काकू लावणार. काकू नाही, तर हळद नाही."

आला रविवार. फादर नवे होते. कम्युनियन झालं, एस्तरबाई उठली, तर फादर म्हणतात, "कुणी उठू नका. पाच मिनिटं आलेल्या प्रभूशी बोला." अर्धी उठलेली बाई, सगळ्यांनी बघितलं! बसली बिचारी. पण बोलायचं काय? आठवली ती चप्पलच. "प्रभू, माझी चप्पल..." म्हणाली, आणि तिथंच अडली.

कारण मंडळी, चप्पल सापडली होती! कुत्र्यानं ओढून कडब्याच्या गंजीमागं टाकलेली. सापडून चार महिने झाले. बाईनं गुपचूप पुरून टाकली. जावेची माफी कोण मागणार? आणि दर रविवारी त्याच तोंडानं आमेन म्हणत होती. पळत्या माणसाला मन गाठत नाही हो. आज गाठलं. एस्तरबाईला रडू फुटलं. "प्रभू, तू आत यायचास आणि मी तुला टाकून पळायचे. आता तूच मला धर, नाहीतर मी पुन्हा पळेन."

आणि बाई गुडघ्यांवरच सरकत सरकत पुढच्या रांगेत, जावेच्या शेजारी! "जाऊबाई, चप्पल कधीच सापडली. मी लपवली. चुकलं माझं."

शेवंताबाईनं डोळे उघडले नाहीत. "गप बस. अजून दोन मिनिटं राहिलीत." मग तशाच मिटल्या डोळ्यांनी हळूच म्हणाली, "हळदीला किती वाजता येऊ?"

तर मंडळी, प्रभू आधीही तिच्या आत येतच होता, पुरा येत होता. बाईच घरी नसायची! प्रार्थना म्हणजे दुसरं काय? पाहुणा आला की घरी असणं. कुणाशी बोलायचं राहिलंय, ते तुमचं तुम्हाला माहीत. पेटीवाले, भाता मिटा, आता मिस्सा सुरू होईल. मी तिथं समोर, तुमच्याकडं तोंड करून बसणार आहे, आणि कम्युनियननंतर दाराकडं पहिली मान कुणाची वळते, ते मला दिसणार आहे.