ममताची आठवी

वामनराव: ते ठीक हाय मॅडम, पण भूगोल जूनातून उचलून डिसेंबरात टाकला, तर जूनात शिकवाचं काय?

प्रेरणा: गणित, सर. आणि वाचन-लेखन. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही वर्गांना. शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत रोज.

वामनराव: अन् बाकीचे विषय बसून राहतील?

प्रेरणा: दिवाळीनंतर वर्गात कोण असतं ते बघा ना. तिन्ही वर्ग मिळून आपली एक्केचाळीस मुलं. त्यातली तांड्यावरची तेवीस आईबापांसोबत ऊसतोडीला जातात, ती मार्च संपता संपता परत येतात. आणि आपण अपूर्णांक, समीकरणं नेमकी जानेवारीत घेतो. भूगोलाचा धडा परत आल्यावर वाचूनही कळतो. समीकरण नाही कळत.

वामनराव: एकोणतीस वर्षं झाली मले नियोजन लिहून राह्यलो. वर्गवार, विषयवार, महिनावार. छापील तक्ता येते, त्यावर शाळेचं नाव टाकाचं न् सही कराची. घटक मागंपुढं केले तर केंद्रप्रमुख विचारतील, काहून बदललं म्हणून.

प्रेरणा: विचारलं तर सांगू. सत्राच्या परीक्षा वरून येतात, त्यात आपलं काही चालत नाही, मान्य. पण वर्गातलं रोजचं मूल्यमापन तर आपल्या हातात आहे. तोंडी, प्रकल्प, छोट्या चाचण्या. ते तरी या मुलांकडे बघून करू.

वामनराव: मॅडम, तुम्ही पांढरकवड्याच्या. दोन वर्षं झाली तुमाले या शाळेत. सुटीतला शनिवार, शाळा उघडाले अजून दहा दिवस, अन् तुम्ही फुलसावंगीहून गाडी काढून माह्या घरी आल्या. हे निस्तं नियोजन नाही. काय झालं?

प्रेरणा: काल तांड्यावर गेले होते. ममताकडे.

वामनराव: लालसिंग राठोडची ममता? तिची तर फेरपरीक्षा हाय, शाळा उघडली का लगेच. गणित, विज्ञान, इंग्रजी. म्या पत्र पाठवलंतं.

प्रेरणा: पत्र मिळालं त्यांना. ती येणार नाही म्हणते.

वामनराव: काहून? फेरपरीक्षेले बसली नाही तर पुन्हा आठवीतच बसा लागते.

प्रेरणा: शाळाच सोडली म्हणते. मी गेले तेव्हा अंगणात भांडी घासत होती. मला बघून आत गेली ती बाहेरच आली नाही. आजीनं, रुपीबाईनं, बाज टाकून दिली. मी बसले, समजावत राहिले. रुपीबाई ऐकत होती. मग आत जाऊन एक वही घेऊन आली न् माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, मला वाचता येत नाही, तू बघ यात काय आहे.

वामनराव: कशाची वही?

प्रेरणा: मला वाटलं, शाळेचीच. उघडली तर पहिल्या पानावर अकरा मुलांची नावं. पुढं एकेकाबद्दल लिहिलेलं. याला अक्षरं येतात. ही जोडाक्षराला अडते. याचा हातचा चुकतो. मग वाराप्रमाणे आखलेलं. सोमवारी वाचन, मंगळवारी पाढे, बुधवारी पाणी आणि माती, गुरुवारी इंग्रजीचे दहा शब्द. दर पौर्णिमेला परीक्षा. मुलांना तारीख ध्यानात राहत नाही, चंद्र दिसतो, म्हणून पौर्णिमेला.

वामनराव: म्हणजे तिकडे, ऊसतोडीवर?

प्रेरणा: हो. आईबाप पहाटे उसाच्या फडात जायचे; मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो. ही दुपारपर्यंत त्यांच्यासोबत मोळ्या बांधायची, मग पाचटाच्या झोपड्यांवर, कोप्यांवर येऊन लहान मुलं सांभाळायची. नुसती सांभाळायची नाही, शिकवायची. पाच महिने. आणि परीक्षेचे पेपर बघितले मी, सर. सगळ्यांना एकच पेपर नाही. ज्याला जे येतं त्याच्या एक पायरी पुढचं विचारलंय. अकरा मुलांना अकरा पेपर.

वामनराव: सगळं बरोबर शिकवलं?

प्रेरणा: नाही. लघुकोन आणि विशालकोन उलटे शिकवलेत. इंग्रजीत स्पेलिंगा चुकल्यात. आठवीतली मुलगी आहे ती. पण आपण बीएडला जे शिकलो आणि विसरलो, ते ती पोरगी न शिकता करत होती.

वामनराव: तिचा भाऊ इंद्रजीत. सहावीत होता.

प्रेरणा: त्या अकरांत तोही आहे.

वामनराव: पाच महिने गैरहजर, अन् गणितात पन्नासपैकी एक्केचाळीस. मले वाटलं, कोणाचं पाहून लिहिलं. ऑफिसात बसवून पुन्हा सोडवाले लावलं त्याले.

प्रेरणा: सोडवलं?

वामनराव: सगळं सोडवलं. मग जा म्हटलं. कोठं शिकला, हे काही विचारलं नाही म्या.

प्रेरणा: त्याला शिकवणारी बहीण होती. बहिणीला आठवीचं शिकवायला तिथं कोणी नव्हतं. मंगळवारी तांड्यावर उतरले ते लोक, शुक्रवारी पहिला पेपर. तिनं विज्ञानाचा पेपर जवळजवळ कोरा दिला.

वामनराव: ठाऊक हाय. म्याच तपासला.

प्रेरणा: अजून एक आहे, सर. सांगू की नको, असं झालंय कालपासून.

वामनराव: सांगा.

प्रेरणा: तांड्यावर निकालाच्या दिवशी सगळ्या बाया आपापल्या पोरांची प्रगतिपत्रकं घेऊन ममताकडेच येतात. ती वाचून दाखवते. याही वर्षी दाखवली, अंगणात बसून. शेवटी कोणीतरी म्हणालं, आता तुझं वाच. तिनं वाचलं. तीन विषयांत नापास. आणि खाली विशेष नोंद असते ना, तीही वाचली. ‘अभ्यासात अजिबात लक्ष नाही.’ सगळ्यांसमोर.

वामनराव: ते माह्यं अक्षर.

प्रेरणा: रुपीबाई मला म्हणाली, तिथं एकाही बाईला वाचता येत नव्हतं, पोरीला खोटं वाचता आलं असतं. तिनं खरं वाचलं. त्या दिवसापासून ती शाळेचं नाव काढत नाही.

वामनराव: तीस-चाळीस पत्रकं असतात, मॅडम. शेवटी शेवटी हात आपोआप लिहिते. चांगला, समाधानकारक, लक्ष नाही. त्या पोरीचा चेहरा पण नव्हता माह्या डोळ्यासमोर ते लिहिताना.

प्रेरणा: मी तुम्हाला दोष द्यायला नाही आले. इंग्रजीत नापास मीच केलंय तिला.

वामनराव: तुम्ही नापास केलं, ते पेपर पाहून. म्या लिहिलं ते न पाहता. गाडीत पेट्रोल हाय ना?

प्रेरणा: आहे. का?

वामनराव: तांड्यावर जाऊ. आत्ताच.

प्रेरणा: तिथं काय बोलाल?

वामनराव: ते रस्त्यानं पाहू. ते तक्ते राहू द्या इथंच.

(सतरा दिवसांनंतर. शाळा सुरू झाली आहे, फेरपरीक्षेचे पेपर तपासून झाले आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत वामनराव, प्रेरणा आणि ममता.)

वामनराव: बस, ममता.

ममता: उभीच राहतो सर. पहिले सांगा.

वामनराव: इंग्रजी बत्तीस. विज्ञान अडतीस.

ममता: अन् गणित?

वामनराव: एकोणीस. साठपैकी एकवीस पाह्यजेत. पण थोडे कमी पडले तर नियमातच गुण वाढवून देता येतात. दोन दिले. तू पास हायस.

ममता: मंग मी पास झाली का केली?

प्रेरणा: अगं, पास ते पास.

वामनराव: नाही मॅडम, बरोबर विचारलं तिनं. इंग्रजीत न् विज्ञानात तू झाली. गणितात केली. नऊ दिवसांत समीकरणं शिकवणं मलेच जमलं नाही. त्याले चार महिने लागतात, ते तुले कधी भेटलेच नाही.

ममता: शेवटचं उदाहरण मले येत होतं. चिन्ह चुकलं.

वामनराव: पाह्यलं म्या. रीत बरोबर होती.

ममता: दादी म्हणे, एवढा मोठा मास्तर रोज सकाळी आपल्या दारात बसून राहते, त्याले घरी काही काम नाही काय.

प्रेरणा: आणि पहिल्या दिवशी काय म्हणाली, ते सांग की.

ममता: ते तर ती अजून साऱ्या तांड्याले सांगते. मास्तर माह्यासमोर बाजेवर बसला न् म्हणाला, चूक माही होती, लिहिली तुह्या नातीच्या नावापुढं.

वामनराव: बरं, ते राहू दे. आता नववीले फुलसावंगीच्या हायस्कुलात जाशील. दिवाळीनंतर काय? आईबाप काय म्हणतात?

ममता: याडी म्हणते चाल. बापू म्हणते, या साली दादीजवळ राहा. दोघायचं अजून ठरलं नाही. मी दादीजवळ राहतो म्हणून सांगतलं.

प्रेरणा: आणि ती अकरा मुलं?

ममता: इंद्रजीत पाहीन म्हणते. त्याले कोन शिकवून ठेवले नीट. आधी उलटे शिकवले होते.

वामनराव: आता तरी बस. हा कागद पाह्य. सहावी ते आठवी, याच वर्षाचं नियोजन. मॅडमनं न् म्या मिळून बनवलं. दिवाळीच्या आत गणित न् भाषा, मंग भूगोल, इतिहास. जे पोट्टे जातात त्यायच्यासाठी. तू जाऊन आलेली हायस. कोठं चुकलं ते सांग.

ममता: मी सांगू?

वामनराव: तूच सांग. आमच्यापैकी कोणी गेलं नाही तिकडे.

ममता: हे, वजन-मापाचं, जुलैत काहून टाकलं? हे आल्यावर ठेवा. मोळ्या, गाड्या, टन, सारं डोक्यात ताजं असते. इंद्रजीत टनाचे किलो तोंडी करते. जुलैत विचारलं तर त्याले आठवणार नाही.

प्रेरणा: थांब, लिहून घेते. एप्रिल, मोजमाप.

ममता: न् भूगोल नुसता वाचाले नका लावू. आम्ही कोठून कोठून गेलो, कोणती नदी लागली, माती कशी होती, ते विचारा. नकाशात नाव सापडलं का पोट्टे खूश होतात.

वामनराव: त्याचेच गुण देता येतील. तोंडी परीक्षा म्हणून.

प्रेरणा: इतिहास?

ममता: इतिहास मलेच येत नाही, मॅडम.

वामनराव: अन् हे पाह्य, खालचं. पोट्टे परत आले का दुसऱ्याच दिवशी एक चाचणी. लहानच, पाऊण घंट्याची. कोणाचं काय राह्यलं ते आपल्याले समजाव म्हणून. म्हणजे मोठ्या परीक्षेआधी तयारी करून घेता येईल.

ममता: हे नका ठेवू.

वामनराव: काहून? तू तर दर पौर्णिमेले घेत होती.

ममता: ते रोज माह्याजवळ होते सर. इथं आल्यावर पहिले चार दिवस काही विचारू नका. पेपर नको, पाढे नको. फक्त हजेरी घ्या.

प्रेरणा: फक्त हजेरी?

ममता: हाव. रोज, पूर्ण नाव घेऊन. तिकडे मुकादम मले नावानं बोलवत नव्हता. अर्धा कोयता म्हणे.