एकवीस दिवस मुरलेलं

सकलैन : आणि हा फोटो बघून तुम्ही ठरवणार, माझं बीफ मुरलंय की नाही? मॅडम, अझैबाला माझ्या दुकानावर या. एक स्टेक भाजून वाढतो. दात सांगतील.

रचना : दात प्रत्येकाचे वेगळे असतात, सकलैनभाई. सोहारच्या हॉटेलने दातांवर भरवसा ठेवला असता, तर नमुना आमच्या लॅबमध्ये तपासून आणा असं तुम्हाला सांगितलं नसतं. बसा. भाभी, तुम्हीही बसा.

बिलकीस : मी उभीच बरी. मला कशाला बोलावलंत तेच कळलं नाही. इथे अल खौदला तुमच्या लॅबपर्यंत येताना गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. हे गप्प बसले की काहीतरी माझ्या माथी येणार, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

सकलैन : सुरू झाली! मॅडम, हिला काही विचारू नका. हिला बीफ म्हणजे कालवण नाहीतर कबाब. एजिंग वगैरे हिच्या डोक्यावरून जातं.

बिलकीस : जातं ते बरंच आहे. एकवीस दिवस टांगलेलं मटण! आमच्या रत्नागिरीत त्याला शिळं म्हणतात. इथे इंग्रजी नाव दिलं की लोक काटे-सुऱ्या घेऊन बसतात.

सकलैन : ऐकलंत? आणि हिच्यासाठी मी वर्षभराचं काँट्रॅक्ट आणतोय. रिपोर्टवर फक्त ‘मुरलेलं’ एवढं आलं, की सोहारचं हॉटेल आपलं.

रचना : म्हणूनच बोलावलं. नमुना शुक्रवार-शनिवार तुमच्या घरी होता, असं तुम्हीच लिहून दिलंय.

बिलकीस : होता. तुमच्या लॅबला सुट्टी. दह्याचा टोप बाहेर काढून त्या तुकड्याला फ्रिजात जागा दिली मी, जावयासारखी.

रचना : मग हे बघा. मांसातली प्रथिनं सोडवून आम्ही या जेलीच्या पातळ पाटीत भरतो आणि वीज लावतो. हलकी प्रथिनं पुढे पळतात, जड मागे राहतात. प्रत्येकाचा आपापला पट्टा पडतो.

सकलैन : म्हणजे घोड्यांची रेस.

रचना : रेसच, फक्त यात घोडा कुणाच्या ओळखीचा नसतो. हा वरचा जाड पट्टा मायोसिनचा. मांस टांगून ठेवलं तरी तो फारसा हलत नाही. मुरताना तुटतं ते दुसरं, ट्रोपोनिन. त्याचा तुकडा खाली इथे नवा पट्टा पाडतो. तो दिसला की मांस मुरलं. आणि हा तुमचा नमुना.

सकलैन : खाली पट्टेच पट्टे आहेत की! बघ बिलकीस, बघ. नुसतं मुरलेलं नाही, पंडित झालंय.

रचना : आता वर बघा. मायोसिनचा पट्टा कुठे आहे?

सकलैन : तो... नसेल. असतो एखादा गैरहजर.

रचना : मायोसिन गैरहजर राहत नाही. महिनाभर टांगलं तरी त्याची अशी धूळधाण होत नाही. या मांसाला काहीतरी लावलेलं आहे.

सकलैन : लावलेलं? केमिकल? मॅडम, तोंड सांभाळून बोला हां. तीस वर्षं या देशात धंदा करतोय. अल्लाची शपथ, एका थेंबाची भेसळ...

बिलकीस : कच्ची पपई लावली होती मी.



सकलैन : काय लावलीस?

बिलकीस : पपई. सालीसकट वाटून. तासभर ओट्यावर ठेवलं, मग फ्रिजात. रविवारी सकाळी धुऊन, पुसून पिशवीत घातलं. दुसऱ्याच्या दारी मटण जाणार आणि तसंच कडक पाठवू? उद्या गावभर झालं असतं, सकलैनच्या घरचं मटण चावता चावत नाही.

सकलैन : अगं बये, हे लोक ते खाणार नव्हते!

बिलकीस : तुम्हीच म्हणालात, तिथलं मशीन चावून बघतं.

रचना : तसं यंत्र आहे आमच्याकडे. मांस कापायला पात्याला किती जोर लागतो ते मोजतं. तुमचा तुकडा लोण्यासारखा कापला गेला, भाभी.

बिलकीस : बघा. पास झाला.

सकलैन : पास! माझ्या धंद्याचा मुडदा पाडलास आणि म्हणे पास! मॅडम, बघितलंत कुणाबरोबर संसार करतोय? मी इथे दुबईहून ट्रेनिंग घेऊन आलेला माणूस, आणि घरात ही पपई.

बिलकीस : दोन दिवसांचं ट्रेनिंग. त्यातला एक दिवस मॉलमध्ये.

सकलैन : गप्प बस! मॅडम, खलास. हिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आता हा नमुना रद्द. मी दुसरा आणून देतो.

रचना : नियम तसा आहे. ज्याने नमुना हाताळला त्याने लेखी द्यायचं, की माझ्या हातून अख्खा नमुना बिघडला. मग तो बाद होतो आणि हॉटेलला काहीच जात नाही. लेखी नाही दिलं, तर मला दिसलं ते सगळं जातं.

सकलैन : मग द्या कागद. लिही गं. ‘मी अडाणी बाई, मला यातलं काही कळत नाही, सगळा तुकडा माझ्यामुळे बिघडला.’

बिलकीस : बारावी पास आहे मी. दहावीला दोनदा बसलेले तुम्ही.

सकलैन : मॅडमसमोर माझी बारावी-दहावी काढू नकोस! लिही. तुझ्यामुळे झालंय ना? मग निस्तर.

रचना : एक विचारू, सकलैनभाई? मांस एकवीस दिवस टांगलेलं होतं ना?

सकलैन : शपथ घेऊन सांगितलं की.

रचना : शपथ जेलीत भरता येत नाही, म्हणून विचारलं. तुकडा विटेएवढा जाड आहे. पपई बोटभरही आत जात नाही. आज सकाळी मी अगदी गाभ्यातलं मांस काढून तपासलं. हा त्याचा फोटो.

सकलैन : एक फोटो पुरे झाला नाही का?

रचना : मायोसिन जागेवर आहे, म्हणजे पपई इथवर पोचलेली नाही. आणि ट्रोपोनिनही अख्खं. खालचा पट्टा नाहीच. हे जनावर कापून आठवडासुद्धा झालेला नव्हता.

सकलैन : कोल्ड रूम... जास्त थंड असेल. दुकानातल्या सागरला मी दहादा सांगितलं, काटा नीट लाव.

रचना : थंडीने वेळ जास्त लागतो. तीन आठवडे काहीच होत नाही, असं होत नाही. गोठवलं होतं?

सकलैन : गोठवलेलं विकत नाही मी!

बिलकीस : कोल्ड रूम रिकामी होती. ईदला सगळं गेलं तुमचं. त्यानंतरच्या सोमवारी नवा माल आला, आणि गुरुवारी हा तुकडा तुम्ही घरी आणलात.

सकलैन : तुला कुणी विचारलं?

बिलकीस : म्हणजे मी इतके दिवस उगाच नाक मुरडत होते. शिळं नव्हतंच. ताजं होतं!

सकलैन : हे बघ, बिलकीस. बस जरा. हॉटेलला घाई होती, दुसरा कुणीतरी घुसला असता. इन्शाल्ला, पुढचा माल खरंच टांगणार आहे. आधी काँट्रॅक्ट, मग एकवीस दिवस. धंद्यात असंच असतं.

बिलकीस : आणि गाडीत गप्प होतात ते?

सकलैन : टेन्शन होतं. तू ते सोड. एक सही कर. पपई तूच लावलीस ना? खोटं थोडंच आहे? या धंद्यावर घर तुझंही चालतं. पोरगी अफशा आपल्या दोघांची आहे.

बिलकीस : अडाणी बाई, असं पण लिहू?

सकलैन : ते काढून टाक. नको लिहूस. हुशार बाई लिही, काय हवं ते लिही. फक्त अख्खा तुकडा म्हण.

रचना : भाभी, सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा. रिपोर्ट आज चार वाजता जातो.

बिलकीस : मराठीत चालेल?

रचना : चालेल. खाली इंग्रजी मी करीन.

सकलैन : शाबास. यल्ला, चल, लिही.

बिलकीस : लिहितेच आहे. ‘वरचं माझं. आतलं यांचं.’