गायधनी सर ग्रंथालयात का गेले

काकू, शाळेतले माझे सहकारी, आणि कामंधामं टाकून आलेल्या माजी विद्यार्थ्यांनो,

शोकसभेत मला बोलायला सांगू नका, असं मी सकाळी म्हणालो होतो. सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे. नाही हो. लाज वाटत होती. आत्ताही वाटते आहे. सांभाळून घ्या.

माझ्या आधी मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, गायधनी सरांना पुस्तकांचं इतकं वेड, की चित्रकलेचे तास सोडून त्यांनी ग्रंथालय मागून घेतलं. शाळेत सगळे असंच सांगतात. मीही इतकी वर्षं ते ऐकत आलो आणि मान हलवत आलो. ते खरं नाही. काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते मी केलं.

चौऱ्याण्णव-पंचाण्णवची गोष्ट. मी येवल्याहून नुकताच इथे नोकरीला लागलो होतो. वय चोवीस आणि डोक्यात नाटक. नाटकातलं मला काय येत होतं? तीन दिवसांचं एक शिबिर केलं होतं, बस्स. तेवढ्यावर मी शाळेत नाट्यमंडळ काढलं. स्टाफरूममध्ये सगळे हसले. एकटे गायधनी सर म्हणाले, "मागचा पडदा कोण रंगवणार तुमचा? मी रंगवतो."

आणि रंगवला. सलग पाच रविवार. पंचवटीतून सायकलवर यायचे, वर्गात जमिनीवर कापड पसरून बसायचे. राजाचा दरबार, खांब, झुंबर. मी शेजारी रंगाचे डबे धरून. तिथेच मला दिसलं, की डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ते रेघ ओढतात. मी बघतोय हे त्यांना कळलं. म्हणाले, "हात थरथरतो हल्ली. मुलं यायच्या आत फळ्यावर चित्र काढून ठेवतो, म्हणजे निभतं. तुम्हाला म्हणून सांगतो."

तुम्हाला म्हणून सांगतो. ऐकलंत ना?

माझ्या नाटकात एक दरबारी चित्रकार होता. विनोदी पात्र, पण तालमीत कोणी हसेना. शिबिरात शिकवलं होतं, पात्राला एखादी लकब द्या. मी दिली. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, तरी कुंचला थरथरायचा आणि राजाचं नाक वाकडं व्हायचं.

हे काम नववीतली मनीषा करत होती. मखमलाबादची, घरी फुलशेती. ती म्हणाली, "सर, हे तर आपल्या गायधनी सरांचं हाय. मला नाय करायचं." म्हणजे तिनंही ते पाहिलं होतं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांची मुलगी! आणि मी, तिचा मास्तर, तिला काय म्हणालो? "कलाकारानं लाजायचं नसतं."

स्नेहसंमेलनाला सर पहिल्या रांगेत होते. काकू, तुम्ही त्या दिवशी आला नव्हतात. पहिल्या टाळ्या सरांच्या पडद्याला पडल्या. मग मनीषा आली. तिनं मनगट धरलं. आधी चार मुलं हसली, मग सगळं पटांगण. कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मनीषानं विंगेत माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी थांबवता आलं असतं. मी बोटानं खूण केली, पुन्हा कर. तिनं केलं. परत हशा. त्या हशानं मला किती बरं वाटलं होतं, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो.

सर नाटक संपेपर्यंत बसून राहिले. मग विंगेत आले. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाले, "पडदा एवढ्यात गुंडाळू नका. झुंबराचा रंग अजून ओला आहे."

सोमवारी तेव्हाचे मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये हसत हसत म्हणाले, "काय हो, खरंच हलतो का हात? काढा बघू एक वर्तुळ." सगळ्यांदेखत. सरांनी खडू घेतला आणि सूचनाफळ्यावर काढलं. ते कसं आलं मला माहीत नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. जूनमध्ये चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची मुलं दुसऱ्याकडे गेली, आणि सर ग्रंथालयात.

माफी? नाही मागितली. दर वर्षी ठरवायचो. दर वर्षी नाटक बसवायला घेतलं, की सर मला लागणारी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचे. मी ती घ्यायचो, थँक्यू म्हणायचो आणि सटकायचो. एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात भेटले. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "यंदा काय बसवताय?" आणि मी निर्लज्जासारखा नाटकाची गोष्ट सांगत सुटलो.

काकू, सरांनी घरी काय सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. पण त्यांनी ग्रंथालय मागितलं नव्हतं. त्यांना मुलांना चित्रकला शिकवायची होती. ती मी त्यांच्याकडून हिरावून घेतली, एका हशासाठी. आणि मनीषा, तू मागे बसली आहेस, मघाशीच पाहिलं मी तुला. तू नको म्हणाली होतीस. तुझं बरोबर होतं. चूक माझी होती, तुझी नव्हती.

सरांचा अपमान मी भरल्या पटांगणात केला. मग माफी कोपऱ्यात मागून कसं चालेल? सर, माझं चुकलं. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

एकच मागणं आहे. ग्रंथालयाची ती गोष्ट यापुढे कोणी सांगू नका. आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. काकू, तुम्ही बसा. आपण उभे राहू या, आपल्या चित्रकलेच्या सरांसाठी.